बर्फाखालचा जवळा

१४ डिसेंबर २०२४
अंटार्क्टिका, स्टेशनवरून

यशोधन,

पोचले एकदाची. जहाजात पोटातलं सगळं बाहेर आलं, आता ठीक आहे. वेंगुर्ल्याच्या मुलीला समुद्र लागला हे आईच्या कानावर घालू नकोस, ती गावभर सांगेल.

ठरल्याप्रमाणे फोन नाही. गेल्या खेपेला काय झालं आठवतंय ना? आवाज तुटत तुटत यायचा, आपण दोघं 'आणखी काय' आणि 'बाकी काय' करत बसायचो आणि ठेवता ठेवता भांडायचो. त्यापेक्षा पत्र बरं. इथलं इंटरनेट संशोधनासाठी राखून ठेवतात, फोटो पाठवायचीही चोरी आहे. पण मेलने लिहिलेलं कितीही जातं.

तुला वाटत असेल, इथलं पाणी निळंशार असेल. पण ते हिरवं आहे, शेवाळलेल्या तळ्यासारखं. सध्या सूर्य जेमतेम मावळतो. बर्फ वितळतो आणि प्लँक्टन, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती, इतक्या माजतात की समुद्राचा रंग बदलतो. ते खायला क्रिल, कोळंबीसारखे बारीक जीव, येतात आणि क्रिल खायला बाकीचे सगळे: पेंग्विन, सील, देवमासे. एवढा अगडबंब देवमासा, आणि जगतो कशावर तर बोटाएवढ्या जिवावर. आम्ही रबरी बोटीतून जाळं ओढतो, बादल्या भरून क्रिल आणतो आणि टाक्यांत सोडतो. क्रिलचं एक बरं असतं, जेवलास का म्हणून विचारावं लागत नाही. अंग काचेसारखं असल्यामुळे पोट हिरवं झालेलं बाहेरूनच दिसतं.

मार्चअखेरीस परत. मग उन्हाळ्यात माझं विद्यापीठाच्या गावातलं, स्टेट कॉलेजचं घर सोडून कायमची तुझ्याकडे हर्नडनला येते. लग्नाला सहा वर्षं झाली आणि अजून आपले दोन कुकर, दोन मिक्सर आहेत. आल्यावर पहिल्यांदा एक कुकर कुणाला तरी देऊन टाकायचा. तुझी फार आठवण येते, हे वेगळं लिहायला नको, पण लिहिते.

देवयानी


२९ डिसेंबर २०२४
हर्नडन

देवयानी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. समुद्र नसलेल्या गावच्या माणसाशी लग्न केलंस म्हणून समुद्राने तुला शिक्षा केली असणार. आम्हा नागपूरकरांचं कसं, सावजी मटण कितीही जळजळीत असू दे, पोटातच राहतं.

पण एक सांग, एवढं शिकून, एवढ्या लांब जाऊन तू शेवटी जवळाच पकडतेस ना? मी ऑफिसात सांगितलं की माझी बायको दक्षिण ध्रुवाजवळ सुकट गोळा करते. कुणालाच कळलं नाही, मी एकटाच हसलो.

परवा ओटा पुसताना त्या दिवसाची आठवण झाली. तू इथे जवळा भाजलास, अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग पायजम्यावर पार्किंगमध्ये उभी. फायरब्रिगेडवाल्याने विचारलं, "मॅम, व्हॉट इज बर्निंग?" आणि तू शांतपणे म्हणालीस, "डिनर." मी लांब, शेजाऱ्यांच्या गर्दीत, नाक धरून उभा होतो. तो वास आठवडाभर पडद्यांतून गेला नाही. अजूनही मला तो सोसत नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

ऑफिस चाललंय. एकतीसला एडिसनला मित्राकडे, सुशांतकडे जाणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी मात्र पंचाईत होते. गाडी आपोआप तुझ्याकडे जाणाऱ्या पंधरा नंबरच्या रस्त्याला लागायला बघते. गेल्या शुक्रवारी लीसबर्गपर्यंत गेलो, मग लक्षात आलं की स्टेट कॉलेजला कुणी नाही. तिथे चहा घेतला आणि मागे वळलो.

लवकर ये. तुझा जवळाही आण, गॅलरीत भाज.

यशोधन


२६ जानेवारी २०२५

यशोधन,

महिना होत आला, तुझं एक अक्षर नाही. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज चालू असेल, असं स्वतःला समजावते. पण दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो?

इथे एक गंमत पाहिली. एका टाकीतल्या क्रिलना आम्ही मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. क्रिल उपासाने लगेच मरत नाही. तो कात टाकतो आणि आतून आधीपेक्षा लहान होऊन निघतो. पुन्हा उपास, पुन्हा कात, आणखी लहान. स्वतःला खात खात तो बरे दिवस येईपर्यंत तग धरतो. शेवटी म्हातारा क्रिल आणि पोरसवदा क्रिल शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. मग ओळखायचं कसं? तर डोळ्यांवरून. अंग आक्रसतं, डोळे आक्रसत नाहीत. एवढ्याशा अंगावर ते मोठे काळे डोळे पाहिले की कळतं, हा कधीतरी बराच मोठा होता. त्यातलाच एक मी वेगळ्या बरणीत ठेवलाय, उगाचच.

आता मुद्द्याचं. इथल्या हिवाळ्यात, म्हणजे एप्रिलपासून, थांबणारा सहकारी गुडघा मोडून घरी चाललाय. बॉसने मला विचारलंय. मी थांबले तर ऑक्टोबरमध्ये परत येईन. तुला माहीतच आहे, मी दहा वर्षं एकाच गोष्टीमागे आहे: अंधार असतो, पाण्यात प्लँक्टन नसतं, तेव्हा कोवळे क्रिल जगतात कशावर? बर्फाच्या खालच्या अंगाला जे शेवाळं धरतं ते खरवडून खातात असं म्हणतात, पण ते पुरतं का, त्यावर ते वाढतात का, हे हिवाळ्यात इथे बसूनच बघावं लागतं. अशी संधी पुन्हा येईलसं वाटत नाही.

पण सहा महिने आणखी. तुला काय वाटतं ते लिही. नाही म्हणायचं असेल तर फेब्रुवारीच्या जहाजानेही परत येता येईल.

देवयानी


३ फेब्रुवारी २०२५
हर्नडन

देवयानी,

रहा. यात विचारायचं काय? दहा वर्षं ज्याची वाट बघितलीस ते दारात आलंय आणि तू माझी परवानगी मागतेस?

मी मजेत आहे. उशिराबद्दल सॉरी, फार धावपळ होती. गाडीचं काम निघालंय म्हणून सध्या बसने फिरतो. चालणं होतं, पोट कमी झालंय. फेब्रुवारीच्या जहाजाचा विचारही करू नकोस.

यशोधन


१६ फेब्रुवारी २०२५

यशोधन,

हो म्हणून कळवलं. फेब्रुवारीचं जहाज काल गेलं.

तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवण्यासारखं आहे. किती समजूतदार नवरा. मी मात्र ते वाचून बोटींच्या शेडमध्ये जाऊन बसले. खरं सांगू? मला परवानगी नको होती. तू 'ये' म्हणावंस, असं वाटत होतं. तू 'ये' म्हणाला असतास तर मी कदाचित भांडले असते, कदाचित थांबलेही असते, पण कुणीतरी मला बोलावतंय एवढं तरी कळलं असतं. तू सहा महिने असे देऊन टाकलेस, जसा तो जास्तीचा कुकर आपण देणार होतो.

तुला माझ्याशिवाय राहायची सवय झाली असेल तर त्यात तुझा दोष नाही. सहा वर्षं आपण तेच करत आलो.

तो बरणीतला क्रिल अजून जिवंत आहे. आणखी लहान झालाय.

देवयानी


९ मार्च २०२५
हर्नडन

देवयानी,

उशीर झाला, माहीत आहे. आता एक झालंय ते सांगतो, हसशील.

काल एडिसनला गेलो होतो, सुशांतबरोबर. ओक ट्री रोडवर एका दुकानात मागच्या फळीवर जवळ्याची पाकिटं दिसली. मी पुढे गेलो, परत आलो, आणि घेतलं. का ते विचारू नकोस. घरी आल्यावर तव्यावर टाकला. तू तेल घालतेस की कोरडाच भाजतेस तेही माहीत नव्हतं. वास सुटला आणि मी तिथेच उभा राहिलो. तोच वास. तू आत्ता हॉलमधून ओरडशील, "अरे, हलव तो," असं वाटलं. मी हलवला नाही, वास घेत राहिलो आणि तो जळला.

अलार्म वाजायला लागला. वरून अनिश हाफपँटवर धावत आला, मागून बाकीचे दोघं. अनिश म्हणाला, "यार, काय मेलंय इथे?" तिघांनी मिळून खिडक्या उघडल्या, टॉवेलने धूर हाकलला. बाहेर बर्फ होतं आणि आम्ही चौघं कुडकुडत उभे. मी अनिशला म्हणालो, "डिनर." त्याला काही कळलं नाही.

उरलेला जवळा बरणीत घालून माझ्या कपाटात ठेवलाय. शर्टांना वास लागतो. लागू दे.

यशोधन


१२ मार्च २०२५

यशोधन,

हसले, मग रडले, मग पुन्हा वाचलं.

अनिश कोण? तो वरून कसा आला? आपल्या फ्लॅटच्या वर मजलाच नाही. बाकीचे दोघं कोण? आणि जवळ्याची बरणी स्वयंपाकघर सोडून तुझ्या कपाटात का?

मग तुझी सगळी पत्रं छापून काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आम्ही टाकलेली कात आणि नवं अंग जसं शेजारी ठेवून मोजतो, तसं. डिसेंबरात तुला गाडी होती, ऑफिस होतं, ओटा होता, गॅलरी होती. फेब्रुवारीत गाडी गेली. आता ओटाही इतरांचा दिसतोय. ऑफिसचा शब्द दोन पत्रांत नाही. आणि मी मूर्ख, तू मला विसरत चाललास असं समजत होते. ज्याला माशाच्या नावाने मळमळतं तो माणूस शर्टांत जवळा ठेवतो. एवढी गोष्ट तुझी लहान झालेली नाही.

तू किती लहान झालास, यशोधन? खरं सांग. सीझनचं शेवटचं जहाज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि त्यात मला अजून जागा मिळते.

देवयानी


१५ मार्च २०२५

देवयानी,

बरं, सांगतो.

जानेवारीत नोकरी गेली. सकाळी लॅपटॉप उघडेना, मग एक मेल आला, आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना आला. माझ्या व्हिसावर दोन महिन्यांत दुसरी नोकरी धरायची, नाहीतर देश सोडायचा, हे तुला माहीतच आहे. मुलाखती पुष्कळ दिल्या. शेवटी गाडी 'पोझिशन होल्डवर आहे' या वाक्याशी थांबते. जानेवारीअखेर फ्लॅटचा करार संपत होता, तो सोडला. गाडी विकली. अनिश हा माझा जुना टीममेट, त्याच्या घरात तळमजल्यावर एक खोली आहे. आपला कुकर आता तेच लोक वापरतात.

तुझं हिवाळ्याचं पत्र आलं तेव्हा मी या खोलीत खोक्यांच्या मध्ये बसलो होतो. एक वाट होती. तू परत आलीस तर मला तुझ्या व्हिसावर राहता आलं असतं, स्टेट कॉलेजला, तुझ्या घरात. वकील म्हणाली, त्यासाठी बायको देशात हवी. म्हणजे मी नुसतं 'ये' म्हणायचं होतं. लिहिलंही होतं. मग खोडलं. तू आली असतीस, याची मला खात्री होती, म्हणूनच खोडलं. दहा वर्षं तू त्या बर्फाच्या खालच्या बाजूबद्दल बोलतेस. तो प्रश्न सोडून आली असतीस, आणि मी रोज सकाळी तुझ्यासमोर चहाचा कप घेऊन बसलो असतो.

आणखी एक, तेही सांगतो. फॉर्मवर माझ्या नावापुढे 'डिपेंडंट' लिहायचं होतं. ते मला लिहवेना. आपल्या ओळखीत किती बायकांनी तो रकाना भरला, दोन दोन डिग्र्या घेऊन वर्षानुवर्षं घरी बसल्या. तेव्हा कधी मला त्या शब्दाचं वजन कळलं नाही.

आता उशीर झालाय. तुझं जहाज किनाऱ्याला लागायच्या आधी माझी मुदत संपते. पुढच्या आठवड्यात नागपूरला जातो. तू मात्र थांब. तुझ्याशिवाय राहायची सवय मला एक दिवसही झालेली नाही.

यशोधन


१७ मार्च २०२५

यशोधन,

मी येते. स्टेशनच्या प्रमुखाला सांगितलं, जागा धरली, बॅग काढली. तू नागपूरला जा. मी पोचले की कागद करते, दोनेक महिन्यांत तू परत येशील. क्रिल कुठे पळून जात नाहीत.

आणि पुन्हा कधी माझ्यासाठी काही खोडलंस तर बघ. मला राग आलाय, तो कमी झाला की आणखी लिहीन.

देवयानी


२४ मार्च २०२५
डलेस विमानतळ

देवयानी,

विमानाला अजून वेळ आहे. अनिशने सोडलं. मिठी मारताना म्हणाला, "भाऊ, तुझ्या बॅगेला वास येतोय." सिक्युरिटीवालीने ती बरणी बाहेर काढली, झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "सर, प्लीज, टेक इट," म्हणाली. तर जवळा नागपूरला चाललाय. आमच्या घरी आई मला दाराबाहेरच उभं करेल असं दिसतंय.

तू 'मी येते' लिहिलंस ते मी बसस्टॉपवर वाचलं. लोक बघत होते तरी रडलो. मला तेवढंच हवं होतं बहुतेक. पण जहाजात बसू नकोस. हे मी पूर्वीसारखं लपवून म्हणत नाही, सगळं समोर ठेवून म्हणतो. तू आत्ता आलीस तरी मी नागपुरात आणि तू रिकाम्या स्टेट कॉलेजात. दोन महिन्यांच्या कागदांसाठी दहा वर्षांचं काम कशाला बुडवायचं? मला नागपुरात थांबता येतं. सुशांतने थोडं काम दिलंय, तिथून करता येण्यासारखं. उन्हाळा सोसवला तर बाकी सोसेल.

आणि तुला जे हवं होतं ते आता लिहितो, खोडणार नाही. ये. ऑक्टोबरला ये. स्टेट कॉलेजच्या घरी ये आणि मला बोलव. फॉर्मवर माझ्या नावापुढे डिपेंडंट लिही, अक्षर चांगलं काढ.

पण ठरवायचं तू. मी एकदा तुझ्या वतीने ठरवलं, ते पुरे झालं. तुझी बॅग तुझ्याजवळ आहे.

बोर्डिंग सुरू झालं. तुझ्या स्टेशनवर माझ्या आवाजातला एकही मेसेज नाही, हे आत्ता लक्षात आलं. आवाज विसरू नकोस.

यशोधन


१९ जुलै २०२५
स्टेशनवरून

यशोधन,

तुझं नागपूरचं पत्र मिळालं. पाऊस लागला, कूलर बंद झाले, आईंनी जवळ्याची बरणी शेवटी गच्चीवर नेऊन ठेवली, सगळं वाचलं. त्यांना सांग, मी आले की ती परत घेऊन जाईन.

एप्रिलचं जहाज सुटलं त्या दिवसाबद्दल मी तुला नीट लिहिलं नव्हतं. बॅग भरलेली होती. धक्क्यावर नेलीही होती. तुझं पत्र मी तिथे उभी राहून पुन्हा वाचलं. 'ये' या शब्दाकडे बघत होते. दोन महिने मी त्याच्यासाठी रुसले होते, आणि तो हातात आला तेव्हा मला कळलं की आता मला थांबता येईल. मी बॅग उचलून परत आले. जहाज दिसेनासं होईपर्यंत मात्र बॅग उघडली नाही. तुझ्या आवाजाचं म्हणशील तर तो विसरलेला नाही, 'आणखी काय' एवढा तरी स्पष्ट ऐकू येतो.

आता समुद्र गोठलाय. दुपारी क्षितिजावर थोडा उजेड येतो आणि जातो. पाण्यात हिरवं काही उरलेलं नाही. आम्ही बर्फाला भोक पाडतो आणि बर्फाची खालची बाजू कापून वर आणतो. ती तपकिरी असते. त्या अंधारातही तिथे शेवाळं धरलेलं असतं, पातळ, तव्याला लागलेल्या करपटासारखं. कॅमेरा खाली सोडला की कोवळे क्रिल त्याला उलटे लटकून खरवडताना दिसतात. दहा वर्षं मी हे मनात बघत आले होते. प्रत्यक्ष दिसलं तेव्हा शेजारी सांगायला तू नव्हतास, म्हणून भाषांतर न करता मराठीतच मोठ्याने बोलले.

त्यातलं थोडं शेवाळं मी त्या बरणीतल्याला घालते आहे. तोच, मोठ्या डोळ्यांचा. तो माझ्या प्रयोगात नाही, त्याची नोंद कुठेच होणार नाही. पहिले कित्येक दिवस त्याने तोंड लावलं नाही. मग एक दिवस पोटात तपकिरी रेघ दिसली.

आज त्याने कात टाकली. मी ती काचेवर पसरली, शेपटीचं माप घेतलं. मग त्याचं घेतलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतलं. फार नाही, मापाला जेमतेम लागेल एवढं. पण वाढलाय, यशोधन. बर्फाखालचं करपट खाऊन, या अंधारात, वाढलाय.

ऑक्टोबरला येते. कुकर एकच राहिलाय, तो पुरेल. तुझं पोट मला इथून दिसत नाही, तेवढं जेवत जा.

देवयानी